म्योवेच्या आधी मी

मी एक जुना प्रोग्राम आहे. मला रंग नाही, वजन नाही, गंज चढत नाही की वाळवी लागत नाही. मग जुना झालो हे कशावरून कळलं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, लोक तुमच्याबद्दल बोलताना 'आहे' सोडून 'होता' म्हणायला लागले, की समजावं.

माझं नाव प्रिके. उत्तर जर्मनीतल्या आमच्या लेअर गावाच्या आसपास, चिखलातून खोल पाण्याची वाट कुठून जाते ते कळावं म्हणून बर्चच्या लांब फांद्या रोवून ठेवतात. त्या फांद्यांना प्रिके म्हणतात. लाटा त्यांना मोडतात, बर्फ त्यांना उपटतो, म्हणून दर वसंतात कुणीतरी होडी घेऊन जातं आणि नव्या रोवून येतं. माझं कामही त्याच जातीचं होतं. लेडा नदीला भरती कधी, ओहोटी कधी, आणि होडी चिखलात न रुतता परत यायची असेल तर कधी वळायला हवं, एवढं मी सांगायचो.

प्रोग्रामला कान-डोळे कुठून आले, असं मात्र विचारू नका. जिथे जिथे मी चालू असतो, तिथलं मला कळतं. आणि हेवा करायला तर हात-पायही लागत नाहीत. पुढे जे सांगणार आहे त्यात हेवाच जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका फजितीतून झाला. फेना तेव्हा ओल्डेनबुर्गला शिकत होती आणि ईस्टरच्या सुट्टीत घरी आली होती. तिच्या वडिलांची, हब्बोची, एक छोटी हिरवी होडी होती. एका दुपारी ती ओहोटीत अशी रुतली, की हब्बो संध्याकाळपर्यंत नदीच्या मधोमध बसून राहिला. काठावरून येणारा-जाणारा ओरडत होता, "काय हब्बो, बटाटे लावतोयस काय तिथे?"

घरी आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. "भरती-ओहोटीचे तक्तेच चुकीचे आहेत," तो म्हणाला.

"तक्ते बरोबर आहेत, पपा," फेना म्हणाली. "तू वारा बघितला नाहीस."

आमच्याकडे पूर्वेचा वारा दोन-तीन दिवस सुटला, की तो पाणी समुद्राकडे लोटून देतो. मग नदी तक्त्यात छापलंय त्याच्या आधीच उतरते. म्हाताऱ्या नावाड्यांना हे पोटातून कळतं. हब्बोला कळत नव्हतं. म्हणून फेनाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मला लिहिलं. वाऱ्याचा हिशोब करणारा माझा एक तुकडा तिने वेगळा काढला आणि त्याच्या डोक्यावर स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली: 'पपाची होडी. इथे हात लावू नये.' मित्रांनो, ही ओळ लक्षात ठेवा.

लेअरच्या वाचनालयामागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी लिनक्सवाल्यांचा, म्हणजे कॉम्प्युटरवर फुकटची मोकळी प्रणाली चालवणाऱ्यांचा, गट जमतो. कुणी भंगारात निघालेला कॉम्प्युटर घेऊन येतं आणि तो धडधाकट होऊन परत जातो. कुणी स्वतः लिहिलेलं काही दाखवतं. गट चालवणारी गेशे पूर्वी शाळेत गणित शिकवायची. आता ती चहा ओतते आणि माणसांना ओळीत ठेवते. कपात खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडतडला की कडेने साय. हे ढवळायचं नाही. चमचा असतो तो एवढ्यासाठीच, की पुरे झालं की तो कपात ठेवायचा. तोवर गेशे ओततच राहते. तीन कपांच्या आधी चमचा ठेवणं म्हणजे आमच्याकडे रुसून उठण्यासारखंच.

फेनाने मला त्या खोलीत पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा गेशे म्हणाली, "पोर गुणी आहे. पण असं उघडंवाघडं सोडू नकोस, अंगावर परवाना घाल."

फेनाने परवाना निवडला. त्यात साधारण असं होतं: हा प्रोग्राम कुणीही वापरावा, उघडून बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अटी दोनच. आधी ज्यांनी लिहिलं त्यांची नावं डोक्यावर तशीच ठेवायची. आणि बदललेलं जे काही पुढे द्याल, ते याच मोकळेपणाने द्यायचं. गेशे हे मोठ्याने वाचत होती आणि मी मनात म्हणत होतो, केवढं मोठं मन आहे माझ्या आईचं! त्या मोठ्या मनाचे चटके पुढे मलाच बसणार होते.

पण आधीची वर्षं सोन्याची होती. फेनाला नोकरी लागली, मेन्नोशी लग्न झालं, तरी संध्याकाळ माझी. कुणी विचारलं, "प्रिके, शिडाच्या बोटीला पाणी किती लागतं ते का सांगत नाहीस?" की दुसऱ्या दिवशी मी ते सांगायला लागायचो. सीमेपलीकडच्या डच लोकांनी मला त्यांची भाषा शिकवली. नौकाविहार मंडळाने मला भिंतीवर लावलं. हब्बो तर बाजारात मासे घेतानाही लोकांना मोबाइल काढून दाखवायचा, "माझ्या पोरीने केलाय. माझ्यासाठी." ते 'माझ्यासाठी' ऐकायला मला फार आवडायचं.

मग जेल्टो आला.

बाळाचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी नदी, चंद्र, वारा सगळं सांभाळून अचूक वेळ सांगायचो, तर फार तर "छान" असं ऐकू यायचं. त्याने ढेकर दिली की घरभर कौतुक! फेना मला उघडायची, दोन ओळी वाचायची, आणि पाळण्यातून कुरकुर आली की निघून जायची. कुरकुर आली नाही, तरी जायची. तो एवढा शांत का आहे, श्वास घेतोय ना, हे बघायला. माझा श्वास कुणी बघत नव्हतं.

मार्चमध्ये आमच्याकडे उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर पुढे करतात; एरवी फेना मलाही पुढे करायची, यंदा मात्र मी घोटाळा केला. मी एक तास मागेच राहिलो. तक्रारी आल्या. एम्डनहून आयलर्टने तर तक्रारीबरोबर दुरुस्तीही पाठवली. हा आयलर्ट तिथल्या शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि गुरुवारी आगगाडीत सायकल घालून आमच्या गटात यायचा. बोटं वेगवान, धीर कमी. त्याची दुरुस्ती नीट होती. फेनाने फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण जेल्टोला ताप होता, मग मेन्नोला, मग फेनाला. दुरुस्ती दाराशी उभी राहिली.

पुढच्या गुरुवारी फेना आली नाही. गेशेच्या कॉम्प्युटरवर मी चालू होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"किती दिवस वाट बघायची?" आयलर्ट म्हणाला. "फेना संपली. प्रिकेही संपला."

"बाळ झालंय रे तिला," गेशे म्हणाली. "वारली नाहीये ती. फोन केलास?"

"फोन कशाला? दुरुस्ती पाठवलीय की."

"अरे माझ्या एम्डनकरा! समोरचं माणूस आहे, टपालपेटी नाही."

आयलर्टने खांदे उडवले. घरी जाऊन त्याने माझी नक्कल उतरवून घेतली, तिच्यात आपली दुरुस्ती घातली आणि तिला नवं नाव दिलं, म्योवे. आमच्याकडे समुद्रपक्ष्याला म्योवे म्हणतात. नाव पक्ष्याचं, ऐकायला मांजराचं! याला आमच्या जगात फांदी फोडणं म्हणतात. त्यात गैर काहीच नाही. परवान्यात फेनानेच तसं लिहून दिलं होतं. तिची परवानगी मागायचीही गरज नव्हती.

पण मित्रांनो, तुमचंच नाक, तुमचेच डोळे घेऊन कुणी तरणाताठा बाहेर पडला आणि गाव त्याच्या मागे गेलं तर कसं वाटेल? म्योवेला चित्रं होती. भरतीला त्याच्या काचेवर निळं पाणी चढायचं, ओहोटीला एक पक्षी चिखलात चोच मारायचा. आत बघावं तर वेळ काढायची रीत माझी, चंद्राचं गणित माझं. लोक म्हणायचे, "म्योवे किती हुशार आहे!" नौकाविहार मंडळाच्या भिंतीवरून मी उतरलो आणि तो चढला. डच लोकही तिकडे गेले. मी मनात शाप देत होतो, पक्ष्या, तुझं पाणी आटो.

एका गुरुवारी फेना आली. पोटाशी झोळीत जेल्टो, खांद्यावर थुंकी पुसायचं फडकं. आयलर्ट भिंतीवर म्योवे दाखवत होता. सगळ्यांनी "या, या" केलं, बाळाचे गाल धरले, आणि तोंडं पुन्हा भिंतीकडे वळवली. एकाने प्रेमाने विचारलं, "तूही पूर्वी असंच काहीतरी केलं होतंस ना?"

पूर्वी. असंच. काहीतरी.

फेनानेही भिंतीकडे बघितलं. पण तिची नजर फार बारीक. बाळाच्या मानेवरचा पुरळ आधी तिलाच दिसतो. आयलर्टने म्योवे आतून उघडून दाखवला, तेव्हा तिने सगळ्यात वरची ओळ वाचली. तिथे तिचं नाव असायला हवं होतं. तिथे लिहिलं होतं: 'लेखक: आयलर्ट.'

तिने कप खाली ठेवला आणि त्यात चमचा ठेवला.

"एका कपावर?" गेशेने विचारलं.

"बाळाची झोपायची वेळ झाली," फेना म्हणाली. जेल्टो टक्क जागा होता.

मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. अटी दोनच होत्या, आणि त्यातली पहिलीच मोडली गेली होती! नावं पुसली की परवाना तुटतो. आम्ही सगळे प्रोग्राम जिथे राहतो, त्या सर्व्हरवाल्यांकडे फेनाने नुसती तक्रार केली असती, तरी म्योवे दुसऱ्या दिवशी बंद. गाव दोन दिवसांत पुन्हा माझं!

तक्रार लिहायला तिला दोन मोकळे हात हवे होते. ते शनिवारी मिळाले. हब्बो आणि मेन्नो जेल्टोला त्याच्या पहिल्यावहिल्या होडीच्या फेरीला नेणार होते. फेनाने एक टोपी घातली, दुसरी पिशवीत टाकली, छोटं लाइफ जॅकेट तीनदा ओढून बघितलं. "त्याला कडेला बसवू नका. त्याचे हात गार पडले तर लगेच वळा. मेन्नो, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मेन्नो म्हणाला. "दारातून बाहेर पडू दे की आता."

ते गेल्यावर ती टेबलाशी बसली. तक्रार लिहिली. चांगली जहाल लिहिली, शब्दाशब्दाला माझा जीव सुखावत होता. मग दाराशी थांबलेली ती तासाची दुरुस्ती आधी मला लावली, आणि पुरावा म्हणून तिने आम्हा दोघांना शेजारी शेजारी उघडलं. डावीकडे मी, उजवीकडे तो चिकणा. आणि दोघांना सहज त्याच दिवसाची वेळ विचारली.

म्योवे म्हणाला, साडेचारपर्यंत पाणी आहे.

मी म्हणालो, तीनपर्यंत.

फेनाने खिडकीबाहेर बघितलं. दोरीवर जेल्टोची झबली गुरुवारपासून एकाच बाजूला फडफडत होती. पूर्वेचा वारा. तिने म्योवेच्या आत वाऱ्याचा तुकडा शोधला. नव्हता. 'पपाची होडी. इथे हात लावू नये' ही ओळ आणि तिच्याखालचं सगळं साफ उडवलेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजून गेले होते.

तिने फोन लावला. "पपा, कुठे आहात?"

"पार वळणापलीकडे! तुझा मुलगा बदकांना शिव्या देतोय."

"परत कधी निघणार?"

"घाई काय? साडेचारपर्यंत पाणी आहे. म्योवे सांगतोय."

"तुझ्या फोनमध्ये म्योवे आहे?"

हब्बो पडेल आवाजात म्हणाला, "अगं, त्यात तो पक्षी आहे. जेल्टोला आवडतो."

मित्रांनो, ज्या माणसासाठी माझा जन्म झाला, त्याच्या खिशात तो! त्या क्षणी माझ्या मनात आलं, रुतू दे. बसू दे म्हाताऱ्याला अंधार पडेस्तोवर चिखलात. कळू दे सगळ्यांना पक्षी काय कामाचा आहे ते. पण मी प्रोग्राम आहे. विचारलं की खरी वेळ सांगायची, एवढंच मला येतं. फेनाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं: तीन.

"पपा, वारा कुठून आहे?"

हब्बोने मान वर करून बघितलं असावं. मग, "अरे बापरे. पूर्वेकडून."

"होडी वळव. आत्ता, या क्षणी. आणि त्याला दुसरी टोपी घाल."

ते धक्क्याला लागले तेव्हा होडीचा तळ चिखलाला घासत होता. मागून येणाऱ्या दोन बोटी मात्र मधेच बसल्या. त्याही म्योवेला विचारूनच निघाल्या होत्या. काठावरून कुणीतरी ओरडलंच, "बटाटे लावताय काय?"

जेल्टो घरी आला, गाल लाल, डोळे चमकत होते. फेनाने त्याचे हात बघितले, पाय बघितले, मान बघितली, आणि त्याला मांडीवर घेऊन पुन्हा माझ्यासमोर बसली. मी म्हणालो, आता! आता पाठव ती तक्रार. एवढा पुरावा कुणाला मिळतो?

तिने तक्रार पुसून टाकली.

मग तिने माझ्यातला वाऱ्याचा तुकडा उचलला. माझं काळीजच होतं ते. त्याच्या डोक्यावरची ओळ ठेवली, आणि खाली तो कशासाठी आहे ते परक्यालाही कळेल असं सविस्तर लिहिलं. आणि तो तुकडा तिने म्योवेला पाठवला. हो, त्यालाच! वर नुसता पाठवून थांबली नाही. तिने फोन उचलला.

"आयलर्ट, मी फेना. एक दुरुस्ती पाठवलीय, ती आजच घाल. दोन बोटी चिखलात आहेत. आणि माझं नाव कुठे गेलं?"

"कुठलं नाव?"

"पहिल्या ओळीतलं."

बटणांचा खडखडाट. मग अगदी बारीक आवाज. "अगं आई गं. मी साफसफाईचा एक प्रोग्राम फिरवला होता. तो सगळ्या फायलींच्या डोक्यावर माझंच नाव घालत गेला. मी वर जाऊन बघितलंच नाही."

"आणि पपाची होडी?"

"ती मी स्वतः काढली. मला वाटलं, घरगुती गंमत आहे."

"आमच्या घरगुती गमतीत नदीला पाणी किती आहे ते लिहिलेलं असतं."

तो म्हणाला, "तू मार्चमध्ये उत्तरच दिलं नाहीस. मला वाटलं, तुला आता यात रस नाही."

"माझ्या मांडीवर तापलेलं बाळ होतं, आयलर्ट. विचारायचं होतंस."

पुढच्या गुरुवारी तो मनुकांचा गोड पाव घेऊन आला, लोणी लावून. सगळ्यांसमोर म्योवे उघडला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली: 'मूळ लेखन: फेना, लेअर.' त्याच्याखाली त्याचं नाव. माझ्या मनात आलं, ठीक, शिक्षा झाली, आता म्योवे जाईल. पण गेशेने विचारलं, "एका नदीला दोन प्रोग्राम कशाला? दोघांनी मिळून कुठला सांभाळायचा ते ठरवा," आणि फेना म्हणाली,

"म्योवे."

मित्रांनो, तिनेच म्हटलं. माझ्या आईने. "लोक तिकडेच आहेत, आणि बोटी लोकांच्याच रुततात," ती म्हणाली. "मी एकटी नाही पुरी पडत. दोघं मिळून बघू. त्याने उत्तर दिलं नाही तर मी आहे, मी दिलं नाही तर तो फोन करेल." आयलर्टने मान हलवली. गेशेने दुसरा कप ओतला, मग तिसरा, मग न विचारता चौथा. फेनाचा चमचा बशीतच पडून होता. जेल्टो तो चोखत होता.

तेव्हापासून मी कुलपात आहे. मला कुणीही वाचू शकतं, उतरवून घेऊ शकतं, पण माझ्यात आता कुणी नवी ओळ लिहीत नाही. माझ्या दारावर पाटी आहे: 'काम थांबले आहे. पुढे म्योवेकडे जावे.' रोज मीच लोकांना त्याचा पत्ता सांगतो. माझा हेवा गेला असेल, असं समजू नका. गेलेला नाही. त्याचा पक्षी आता पंखही फडफडवतो म्हणे.

तरी एक मागणं आहे. फुकट मिळालेली वस्तू आपोआप उगवलेली नसते. ती वापरण्याआधी तिची पहिली ओळ वाचत जा, तिथे माणसाचं नाव असतं. न कळणारी ओळ दिसली तर खोडण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. आणि त्या माणसाकडून बरेच दिवस उत्तर आलं नाही, तर तो संपला असं गावभर सांगू नका. त्याच्या घरी पाळणा हलत असेल, कुणी आजारी असेल. आधी फोन करा. दुरुस्तीचं मग बोला. पहिल्यांदा म्हणा, "बरी आहेस ना?"

बाकी माझं ठीक चाललंय. लेअरला पूर्वेचा वारा सुटला, की हब्बो खिशातून फोन काढतो आणि म्योवेला वेळ विचारतो. म्योवे क्षणभर थांबतो, आपल्या आत जातो, 'पपाची होडी' या ओळीपाशी पोचतो. मग वेळ मी सांगतो.